पिशवीवरचे दोन आकडे

आमच्या घरी दुधावरून कधी वाद झाला नव्हता. चहात साखर किती, टीव्हीचा आवाज किती, यावरून होतात, ते सगळ्यांच्याच घरी होतात. मागच्या दिवाळीत मात्र दुधावरूनही झाला. वाद म्हणजे तसा वाद नाही, सूनबाई एक वाक्य बोलली आणि ते मला लागलं, एवढंच.

झालं असं, की मुलगा, सून आणि नातू पुण्याहून दिवाळीला आले. गाडीतून बॅगा उतरल्या, फराळाचे डबे उतरले (हो, हल्ली आमच्याकडे फराळ तिकडून इकडे येतो!) आणि त्यांच्याबरोबर थर्माकोलच्या डब्यातून दुधाच्या चार बाटल्या उतरल्या. मी म्हटलं, "अगं, नगर जिल्ह्यात येताना दूध बरोबर आणलंस? इथे काय दुधाला तोटा आहे?" (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं.) ती हसून म्हणाली, "आई, ह्याला मी पिशवीचं दूध देतच नाही. त्यात काय काय असतं कोण जाणे! तुम्ही दोघांनीही खरं तर सोडायला हवं." बाटलीवर किंमत पाहिली. लिटरला ११० रुपये.

मी गप्प बसले. चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यामुळे जे माहीत नाही त्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी पाहून यायचं, ही सवय लागली आहे. आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे माहीत होतं पिशवीत काय असतं ते? गेली पंचवीस वर्षं रोज सकाळी दारातली पिशवी उचलते, कोपरा कापते आणि पातेल्यात ओतते. पिशवीवर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नव्हतं. मराठीची शिक्षिका, आणि वाचायचंच राहून गेलं!

दुसऱ्या दिवशी नातवाला बरोबर घेतलं आणि सावेडीतल्या एका मोठ्या दुकानात गेले. वही आणि पेन घेऊन. नातू पाचवीत आहे, त्याला हे फारच आवडलं. आम्ही दोघं त्या काचेच्या फ्रीजसमोर अर्धा तास उभे होतो. शेवटी तिथला मुलगा येऊन म्हणाला, "आजी, काही सापडत नाहीये का?" नातवाने रुबाबात सांगितलं, "आम्ही सर्व्हे करतोय."

आता त्या वहीत काय उतरलं ते सांगते. किमती त्या दिवशीच्या आहेत आणि मी कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण एकाच प्रकारच्या दुधाच्या किमती सगळ्या कंपन्यांच्या साधारण सारख्याच निघाल्या. पिशवीतलं डबल टोन्ड लिटरला ५० रुपये. टोन्ड ५६. गाईचं दूध ५८. फुल क्रीम ७२. शेजारच्या कपाटात, फ्रीजबाहेर, खोक्यातलं टोन्ड दूध ७६. आणि वरच्या कप्प्यात, दिव्याखाली, सूनबाईची ती देशी गाईची बाटली, ११०.

एवढं लिहून झाल्यावर नातू म्हणाला, "आजी, मग सगळ्यात स्वस्त डबल टोन्ड." मीही तसंच म्हणणार होते. पण मग पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. प्रत्येक पिशवीवर दोन आकडे असतात. एक फॅट, म्हणजे स्निग्धांश. दुसरा एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात जे काही घन असतं ते, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर आणि खनिजं. बाकी सगळं पाणी. दूध म्हणजे ८५ ते ९० टक्के पाणीच असतं, गवळ्याने घालण्याआधीसुद्धा!

हे आकडे कायद्याने ठरलेले आहेत. डबल टोन्डमध्ये किमान १.५ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. टोन्डमध्ये ३ आणि ८.५. फुल क्रीममध्ये ६ आणि ९. गाईच्या दुधाच्या पिशवीवर ३.५ आणि ८.५ होतं. बाटलीवरही ३.५ आणि ८.५ च. ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ५८ रुपयांची पिशवी आणि ११० रुपयांची बाटली, दोन्हींवर तेच दोन आकडे.

मग घरी येऊन आम्ही भागाकार केले. (नातवाने फोनवर, मी वहीत. माझाही बरोबर आला, बी.ए. मराठी असले तरी!) फॅट आणि एसएनएफ मिळून एका लिटरमध्ये साधारण किती ग्रॅम ऐवज येतो ते काढलं आणि किमतीला त्याने भागलं. लिटरभर दुधाचं वजन किलोपेक्षा तीसेक ग्रॅम जास्त भरतं, ते सोडून दिलं, हिशेब ढोबळच आहे. डबल टोन्डमध्ये १०५ ग्रॅम ऐवज, म्हणजे ग्रॅमला ४८ पैसे. टोन्डमध्ये ११५ ग्रॅम, ४९ पैसे. गाईच्या पिशवीत १२० ग्रॅम, ४८ पैसे. फुल क्रीममध्ये १५० ग्रॅम, तेही ४८ पैसे. म्हणजे पिशवीचं दूध कुठलंही घ्या, खऱ्या ऐवजाचा भाव एकच. स्वस्त पिशवीत ऐवज कमी, महाग पिशवीत जास्त, बस. खोक्यातल्या दुधात मात्र तो ६६ पैसे पडतो आणि बाटलीत ९२ पैसे. जवळजवळ दुप्पट.

आता कोणी म्हणेल, बाई, दूध म्हणजे काय नुसती ग्रॅमची मोजदाद आहे का? शुद्धता आहे, चव आहे. बरोबर आहे. म्हणून चवीचीही परीक्षा घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार पेल्यांत चार दुधं तापवून, गार करून ठेवली. टोन्ड, फुल क्रीम, खोक्यातलं आणि बाटलीतलं. पेल्यांखाली चिठ्ठ्या नातवाने लावल्या, कोणाला दाखवल्या नाहीत. सूनबाईने एक पेला उचलून सांगितलं, "हीच आमची बाटली. चव कळतेच." चिठ्ठी निघाली फुल क्रीम. मुलाला टोन्ड आवडलं. आणि मी? मी मोठ्या आत्मविश्वासाने एका पेल्याला म्हटलं, "हे अगदी लहानपणीच्या दुधासारखं, चुलीवर आटवलेल्या." ते खोक्यातलं निघालं! सगळे इतके हसले की विचारू नका. हे तेवढे शहाणे, त्यांनी प्यायलाच नकार दिला. म्हणाले, "मला डायबेटिस आहे, मला परीक्षेतून सूट."

नंतर मी जरा शोधून वाचलं. खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंदच तापवतात आणि निर्जंतुक करून बंद करतात, म्हणून ते न उघडता काही महिने बाहेर टिकतं. त्यात टिकण्यासाठी औषध घातलेलं नसतं. तापवण्यामुळे जराशी आटवल्याची चव येते, तीच मला बालपणाची वाटली. पिशवीचं दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच गार करतात. ते पाश्चरायझेशन. त्या खोक्यातल्या दुधावर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. पिशवीच्या दुधावर तो नव्हताच. प्रवासाला किंवा घरात फ्रीज नसेल तर खोकं उत्तम. रोजच्या चहाला त्याचे जादा पैसे का मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि साय! पिशवीच्या दुधाला साय येत नाही म्हणून भेसळ आहे, हे माझ्या सगळ्या मैत्रिणींचं ठाम मत. माझंही होतं. काही दूध दाबाने बारीक छिद्रांतून काढतात, त्यामुळे स्निग्धांशाचे कण फुटून दुधात सगळीकडे पसरतात, वर जमत नाहीत. त्याला होमोजिनाइज्ड म्हणतात, आणि पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. साय नसली तरी फॅट तेवढंच. आणि टोन्ड दूध 'पातळ केलेलं' म्हणून आपण नाक मुरडतो, त्याचाही इतिहास मोठा चांगला आहे. मुंबईत आरे कॉलनी उभारणारे दारा खुरोडी यांनी ते आणलं. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून फॅट कमी करायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरांची सोय होते आणि गरिबाला परवडतं. फसवणूक नव्हे, उलट सोय होती ती.

राहता राहिलं 'ए-टू'. देशी गाईच्या दुधातलं एक प्रथिन वेगळ्या प्रकारचं असतं, म्हणून ते पचायला हलकं, असं बाटलीवाले सांगतात. प्रथिनात फरक असतो हे खरं. पण त्याने तब्येतीला फायदा होतो हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'ए-वन, ए-टू' असले दावे पाकिटांवरून काढायला सांगितले होते आणि चारपाच दिवसांतच तो आदेश मागेही घेतला. आणि गंमत म्हणजे आपली म्हैस जन्मजात ए-टूच असते. तिचं कोणी दिव्याखाली ठेवून कौतुक करत नाही, बिचारीचं.

भेसळीची भीती मात्र खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात २०२३ मध्ये भेसळीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. पण देशभराचं चित्र पाहायचं तर प्राधिकरणाने २०१८ मध्ये ६,४३२ नमुने तपासले होते. त्यात युरिया, साबण असली भेसळ सापडली १२ नमुन्यांत. फॅट किंवा एसएनएफ कमी भरणारे नमुने मात्र खूप होते, शंभरात साधारण ४१. आणि जी खरी काळजीची गोष्ट सापडली तिच्याबद्दल आपण कोणीच बोलत नाही. अफ्लाटॉक्सिन नावाचं विष ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते कुठून येतं? गाईने खाल्लेल्या बुरशी आलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून. दूध तापवून ते जात नाही, महाग बाटलीत भरूनही जात नाही. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

सूनबाईला मी हे सगळं वहीसकट दाखवलं. ती समजूतदार आहे, म्हणाली, "आई, हे कोणी सांगितलंच नव्हतं." मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं म्हणा ना! पण माझी खरी परीक्षा पुढे भाऊबीजेला होती.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, कोतूळच्या बाजूचं. भाऊ आता नाही, पण भाचा दरवर्षी भाऊबीजेला बोलावतोच, म्हणतो, "आत्या, ओवाळायला मी आहे ना." त्याच्या गोठ्यात तेव्हा सहा गाई होत्या, सगळ्या होस्टन. माझ्या लहानपणी आमच्याकडे डांगी गाई असायच्या, पावसापाण्यात टिकणाऱ्या, काटक. दूध घरापुरतं. नंतर संकरित गाई आल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी अशा तिघींचा संकर करून 'फुले त्रिवेणी' तयार केली. गावोगाव दूध संस्था निघाल्या. संगमनेरचं 'राजहंस', कोपरगावचं 'गोदावरी', ही नावं घरोघरी झाली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या भागाला दर दहा दिवसांनी हातात रोख पैसे देणारी दुसरी गोष्ट नव्हती. मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा वर्गात किती मुली होत्या ते मला अजून आठवतं. आणि नंतर त्या का वाढल्या तेही मी पाहिलंय. आई सकाळी धार काढून डेअरीला दूध घालायची आणि बिल आलं की शाळेच्या खिडकीशी येऊन लेकीची फी भरायची. पदराच्या गाठीतल्या त्या नोटांना शेणाचा, पेंडीचा वास असायचा. ऊस पुरुषांच्या नावावर, दूध बाईच्या हातात, असंच होतं आमच्याकडे.

तर भाऊबीजेच्या सकाळी सहाला भाच्याबरोबर दुचाकीवर मागे बसून (होय, या वयात!) मी संकलन केंद्रावर गेले. वाटेत मी सहज म्हणाले, "किती महाग झालंय रे दूध. अठ्ठावन्न रुपये लिटर. बरं चाललं असेल तुमचं." तो काही बोलला नाही. केंद्रावर किटली ठेवली, तिथल्या मुलाने चमचाभर दूध यंत्राखाली धरलं, अर्ध्या मिनिटात पावती बाहेर आली. भाच्याने ती न बोलता माझ्या हातात दिली.

पावतीवर तेच दोन आकडे होते! फॅट ३.६. एसएनएफ ८.३. आणि दर ३३ रुपये ३० पैसे.

मी विचारलं, हे असं कसं? त्याने समजावलं. "आत्या, साडेतीन-साडेआठला पस्तीस दर आहे. फॅट एका पॉइंटने वर लागली, तीस पैसे वाढले. एसएनएफ दोन पॉइंटने कमी लागली, दोन रुपये गेले." म्हणजे वर गेलं तर पैशांत आणि खाली आलं तर रुपयांत! एसएनएफ का कमी लागली? तर सरकी पेंडीच्या भावामुळे त्याने पेंड थोडी कमी केली होती. पन्नास किलोचं पशुखाद्याचं पोतं सतराशेच्या पुढे गेलंय. पेंड कमी केली की एसएनएफ उतरते, एसएनएफ उतरली की दर उतरतो, दर उतरला की पेंड आणखी कमी. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, पाढे म्हणावेत तसं सांगत होता.

घरी आल्यावर मी पर्समधून ती वही काढली आणि त्याच पद्धतीने भागाकार केला. त्याच्या लिटरमध्ये ११९ ग्रॅम ऐवज. ग्रॅमला २८ पैसे. माझ्या वहीत आता एका रेषेत असे आकडे झाले: गोठ्यात २८ पैसे, पिशवीत ४८, खोक्यात ६६, बाटलीत ९२. मी 'बरं चाललं असेल तुमचं' असं म्हणाले होते, ते आठवून मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मधल्या सगळ्यांना चोर ठरवायचं नाही मला. दूध गार करायचं, टँकरने न्यायचं, पाश्चराइझ करायचं, पिशवीत भरायचं, पहाटे दारात पोचवायचं, याला खर्च येतो. दूध जास्त झालं की त्याची भुकटी करावी लागते, आणि जगाच्या बाजारात भुकटीचे भाव पडले की अकोल्यातल्या गाईचं दूधही स्वस्त होतं. जग खरंच इतकं जवळ आलंय. आमच्या श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दुधाचा धंदा २०१९ मध्ये लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीने विकत घेतला. हे सगळं मान्य. पण एक गोष्ट मला कोडं वाटते. २०२० च्या टाळेबंदीत भाच्याला लिटरला अठरा रुपये मिळाले. तेव्हा माझी पिशवी स्वस्त झाली होती का? मला तरी आठवत नाही. जुलै २०२३ मध्ये सरकारने साडेतीन-साडेआठच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये ठरवले, आणि त्याच दिवाळीच्या सुमारास दर सत्तावीसपर्यंत उतरले. तेव्हा तरी पिशवी उतरली का? नाही. मग २०२४ मध्ये सरकारने लिटरला आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, तेही काही महिन्यांपुरतं. म्हणजे भाव पडतो तेव्हा तो फक्त गोठ्यात पडतो. काउंटरवर तो चढायचाच तेवढा माहीत आहे.

जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर दूध ओतलेलं टीव्हीवर पाहून मला राग आला होता. अन्न आहे ते, असं कसं ओततात, असं मी ह्यांना तावातावाने म्हणाले होते. अजूनही दूध ओतणं मला पटत नाही. पण जुलै २०२४ मध्ये कोतूळला दूध उत्पादक कित्येक दिवस धरणं धरून बसले, त्यात भाचाही होता, हे मला त्या भाऊबीजेला कळलं. त्याने फोनवर कधी सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही. सहा गाईंतल्या दोन त्याने या जानेवारीत विकल्या. त्याची मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे, तिची फी भरायची होती. पूर्वी दुधावर फी भरायचे, आता गाई विकून भरतात, एवढाच फरक.

माझं मत सांगते. पटलं तर घ्या.

एक तर, दूध घेताना ब्रँड आणि चित्र पाहू नका, ते दोन आकडे वाचा. वाढत्या वयाच्या मुलाला फुल क्रीम किंवा गाईचं, आमच्या ह्यांच्यासारख्यांना डॉक्टर म्हणतील तर डबल टोन्ड, चहाला टोन्ड. भीतीपोटी दुप्पट पैसे मोजू नका. ज्यांना देशी गाईच हवी त्यांनी जरूर घ्यावी, पण ती गाय कोणाच्या गोठ्यात आहे आणि त्याला किती मिळतात हे विचारून घ्यावी.

दुसरं, त्या दोन आकड्यांच्या शेजारी तिसरा आकडा छापा. 'उत्पादकाला मिळालेला दर.' एवढंच. उसाला आपल्याकडे एफआरपी आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू करणाऱ्या या जिल्ह्याला शेतकऱ्याच्या वाट्याचा हिशेब नवीन नाही. दूध उत्पादकही तशीच एफआरपी आणि ग्राहकाने दिलेल्या रुपयात ठरलेला वाटा मागत आहेत. अमूल सांगते की ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैसे किंवा त्याहून जास्त ती उत्पादकाला देते. माझ्या भाच्याच्या पावतीवरून आणि ५८ रुपयांच्या पिशवीवरून मी काढले तर ५७ पैसे आले. एकदा तिसरा आकडा छापला की कोण किती देतं ते नातवालाही कळेल. मग मी दोन रुपये जास्त देईन, आनंदाने देईन, पण ज्या पिशवीवर तो आकडा मोठा असेल तिलाच देईन.

आणि हे दयेपोटी म्हणत नाही. मघाशी म्हटलं होतं ते अफ्लाटॉक्सिन आठवा. चांगली, कोरडी, बुरशी न लागलेली पेंड आणायला पैसे लागतात. ग्रॅमला २८ पैसे घेणारा माणूस कुठली पेंड आणेल? दुधाची शुद्धता आपण काउंटरवर विकत घ्यायला जातो, ती तिथे नसते. ती गोठ्यातल्या गव्हाणीत असते. तिथला भाव पाडून दुकानातल्या फ्रीजमध्ये शुद्धता शोधायची, याला काय म्हणायचं?

सूनबाईचा परवा फोन आला होता. बाटली बंद केली म्हणाली. आता पिशवीचं फुल क्रीम घेते, नातवाला कळलेलंही नाही (त्याला सांगू नका, तो सर्व्हे करेल). महिन्याला अकराशेच्या वर वाचले म्हणाली. मी म्हटलं, वाचले ते वाचले, त्यातले थोडे त्या नर्सिंगवाल्या मुलीला पाठव. ती म्हणाली, "आई, पाठवले कालच." मला पुढे काही बोलता आलं नाही.

असो. उद्या सकाळी पिशवी कापण्याआधी एकदा उलटी करून वाचा. ते दोन आकडे तिथेच असतात, अगदी बारीक अक्षरात. आणि तिसरा का नाही, ते एकदा दूधवाल्याला विचारून पाहा. तो बिचारा काय सांगणार म्हणा! पण चार घरांनी विचारलं तर तोही पुढे कोणाला तरी विचारेल.